दुसऱ्या डब्यातलं बरोबर उत्तर

जुन्या तंत्रज्ञानाबद्दल आपल्या कॉलेजात दोनच मतं ऐकू येतात. लॅबमधल्या ज्येष्ठ मंडळींचं मत : जुनं ते सोनं. आणि होस्टेलच्या पोरांचं मत : जुनं ते भंगार, बोलवा भंगारवाल्याला ! मला इथे तिसरं मत मांडायचं आहे. जुनं यंत्र नव्याइतकं चांगलं नसेलही, पण ते नव्यापेक्षा वेगळ्या कारणानं बिघडत असेल, तर त्याला भंगाराचा भाव लावू नये. उदाहरण घेतोय समुद्रातल्या जहाजांचं, कारण तिथे हा वाद माणसांच्या जिवाशी खेळून झालेला आहे.

आधी अडचण काय होती ते बघू. किनाऱ्याजवळ दीपस्तंभ दिसतो, टेकडी दिसते, त्यावरून आपण कुठे आहोत ते कळतं. भर समुद्रात चारी बाजूंना पाणी. सेक्स्टंटनं सूर्यतारे मोजता येतात, पण ढग आले की तोही बंद. मग उरतो अंदाज : इतक्या वेगानं, या दिशेला, इतके तास गेलो, म्हणजे आता इथे असायला हवं. याला म्हणतात डेड रेकनिंग. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत असतात, ते या हिशोबात धड येत नाही. त्यामुळे चूक तासातासाला वाढत जाते.

दुसऱ्या महायुद्धात यावर जो उपाय निघाला, तो मला आजही भन्नाट वाटतो. उपग्रह नाहीत, कॉम्प्युटर नाहीत. फक्त किनाऱ्यावर उभे केलेले रेडिओचे मनोरे आणि बारावीचं गणित !

कल्पना समजायला आपण रेडिओ सोडून ढोल घेऊ. समजा गणपतीत मोठ्या मैदानाच्या पूर्व आणि पश्चिम टोकाला दोन मंडळं उभी आहेत आणि दोघांनी बरोबर एकाच क्षणी टोला दिला. तुम्ही डोळे बांधून मैदानात कुठेतरी उभे आहात. पूर्वेचा टोला एक सेकंद आधी ऐकू आला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुम्ही पश्चिमेपेक्षा पूर्वेच्या मंडळाला ३४० मीटरनं जवळ आहात. टोला नक्की किती वाजता पडला हे तुम्हाला माहीत असण्याची गरजच नाही, फक्त दोन आवाजांतला फरक मोजायचा. आता 'दोन ठरावीक बिंदूंपासूनच्या अंतरांतला फरक कायम' असे सगळे बिंदू जोडले की काय मिळतं ? बरोबर, अपास्त, म्हणजेच हायपरबोला. परीक्षेत पाच मार्कांना आलेला आणि त्यानंतर आपण साफ विसरलेला. तुम्ही त्या वक्ररेषेवर कुठेतरी आहात. तिसरं मंडळ आणा, दुसरी जोडी घ्या, दुसरा हायपरबोला मिळेल. दोन रेषा छेदतात तिथे तुम्ही !

ढोलाच्या जागी रेडिओ लहर घ्या. ती एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. दोन स्टेशनांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर तुम्ही असाल, तर वेळेतला एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे जागेत १५० मीटरचा फरक (एकापासून लांब जाताना तुम्ही दुसऱ्याच्या जवळ जाता, म्हणून निम्मा). त्या रेषेपासून बाजूला जाल तशा रेषा एकमेकींपासून फाकत जातात आणि तेवढ्याच चुकीची किंमत वाढते. आणखी एक युक्ती होती. दोन्ही स्टेशनं खरोखर एकाच क्षणी बोलली तर कोण आधी आणि कोण नंतर यात गोंधळ होईल. म्हणून मुख्य स्टेशन आधी बोलायचं आणि दुय्यम स्टेशन ठरलेला वेळ थांबून मग बोलायचं. हा थांबण्याचा वेळ हिशोबात आधीच धरलेला असायचा. जहाजावरच्या नकाशांवर हे हायपरबोला छापलेलेच असत. अधिकाऱ्यानं आकडे वाचायचे, रेषा शोधायच्या, छेदबिंदूवर पेन्सिलीनं खूण करायची. झालं काम.

या एकाच तत्त्वावर तीन-चार भावंडं जन्माला आली. ब्रिटनची 'जी' ही यंत्रणा रॉबर्ट डिप्पी यांच्या कल्पनेतून आली आणि १९४२ च्या मार्चपासून बॉम्बफेकी विमानांनी ती वापरली. पण तिची फ्रिक्वेन्सी उंच, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईपलीकडे ती फारशी जायची नाही. अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस यांनी १९४० मध्ये मांडलेल्या कल्पनेतून 'लोरान' उभी राहिली. ती दोन मेगाहर्ट्‌झच्या जरा खाली चालायची. समुद्रावर दिवसा सुमारे ७०० सागरी मैल आणि रात्री आयनोस्फिअरवरून परावर्तन होऊन त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत पोचायची.

तिसरं भावंड 'डेका'. ही ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी कंपनी बरं का ! विल्यम ओब्रायन या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना त्याच्या देशात कुणी घेतली नाही, तेव्हा डेका कंपनीतल्या हार्वी श्वार्झ या मित्रानं ती ब्रिटनमध्ये पुढे नेली. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं, तेव्हा पुढे जाऊन सुरुंग साफ करणाऱ्या जहाजांना वाट डेकानं दाखवली. डेकात पल्स नव्हतेच. स्टेशनं सलग लहरी सोडायची आणि रिसीव्हर त्यांच्यातला फेज फरक मोजायचा. मूळ फ्रिक्वेन्सी सुमारे १४ किलोहर्ट्‌झ, मुख्य स्टेशन तिच्या सहापट, आणि लाल, हिरवं, जांभळं अशी दुय्यम स्टेशनं आठ, नऊ आणि पाचपट. घड्याळासारख्या तीन तबकड्यांवर काटे फिरायचे आणि त्यावरून जागा कळायची. गोची एकच : फेज दर चक्राला पुन्हा शून्यावर येतो, म्हणून आपण कितव्या पट्ट्यात आहोत याची मोजणी चुकली की सगळंच चुकलं.

मग १९५७ पासून आली 'लोरान-सी'. माझ्या मते हा या घराण्यातला सर्वांत हुशार मुलगा. फ्रिक्वेन्सी १०० किलोहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी तब्बल तीन किलोमीटर. अशी लहर जमिनीला आणि पाण्याला धरून हजार सागरी मैलांच्याही पुढे जाते. अडचण आकाशाकडून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरीची. ती उशिरा येते आणि खऱ्या लहरीत मिसळून मोजमाप बिघडवते. लोरान-सीनं काय केलं ? पल्स सुरू झाल्यापासून तिसरं चक्र संपतं, म्हणजे ३० मायक्रोसेकंद, नेमक्या त्या क्षणी मोजायचं. आकाशातून येणारी लहर तोवर पोचलेलीच नसते ! पाहुणे यायच्या आत मेसमधली पोळी उचलावी तसं. या यंत्रणेची खात्रीची अचूकता पाव सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६० मीटर. पण एकदा गेलेल्या जागी त्याच आकड्यांवर परत जायचं असेल तर ती शंभर मीटरच्या आत नेऊन सोडायची. मच्छीमार तिच्यावर खूश होते ते याचसाठी.

हे सगळं परदेशातलंच असं समजू नका. लोरान-सीची एक साखळी 'बॉम्बे चेन' या नावानं ओळखली जायची. नाव मुंबईचं, पण स्टेशनं तिन्ही गुजरातेत : ध्रांगध्रा मुख्य, वेरावळ आणि बिलिमोरा दुय्यम. तिचा क्रमांक ६०४२, कारण तिचा पल्सचा गट दर ६०,४२० मायक्रोसेकंदांनी परत यायचा. प्रत्येक साखळीची ही वेळ वेगळी, त्यावरूनच रिसीव्हर कुठली साखळी ते ओळखायचा. दुसरी साखळी कलकत्त्याची, तिचं मुख्य स्टेशन बालासोरला. आपल्या अरबी समुद्रावर हे अदृश्य हायपरबोला पसरलेले होते आणि आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे ? आता या साखळ्या इतिहासजमा झाल्या.

इथे कुणीतरी म्हणणार, "अरे पण जीपीएस आलं ना ! दहा मीटरच्या आत जागा सांगतं, जगभर, फुकट. चारशे साठ मीटरवाल्या म्हाताऱ्याला कशाला पोसायचं ?" प्रश्न चोख आहे आणि मी तो टाळणार नाही. जीपीएस जास्त अचूक आहे, जास्त सोपं आहे आणि त्यानं समुद्रप्रवास नक्कीच जास्त सुरक्षित केला आहे. दोघांतला एकच निवडायचा असेल तर मीही जीपीएसच निवडीन. पण एकच निवडायचा, असं ठरवलं कुणी ?

'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाची गोष्ट ऐका. ९ जून १९९५ ला दुपारी ते बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. निघाल्यानंतर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. रिसीव्हर बंद पडला असता तर लगेच कळलं असतं. तो बंद पडला नाही, गुपचूप डेड रेकनिंगवर गेला आणि अंदाजाचे आकडे दाखवत राहिला. स्क्रीनवर तसं लिहूनही येत होतं, पण 'डीआर' अशा दोन बारक्या अक्षरांत. ऑटोपायलटला ही भानगड समजायची सोय नव्हती. तो त्याच आकड्यांवर जहाज हाकत राहिला. सुमारे ३४ तास ! पाळ्या बदलल्या, अधिकारी आले-गेले, तासातासाला नकाशावर खुणा झाल्या. सगळ्या खुणा रेषेवर अगदी बरोबर, कारण त्या त्याच चुकलेल्या आकड्यांवरून केलेल्या. १० जूनच्या रात्री नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला जहाज वाळूच्या उथळ पट्ट्यात रुतलं. ठरलेल्या मार्गापासून ते १७ सागरी मैल बाजूला होतं, म्हणजे एकतीस किलोमीटर ! जहाजावर १,५०९ माणसं होती. नशीब, कुणी मेलं नाही.

आता खरी मेख. त्याच जहाजावर लोरान-सीचा रिसीव्हर होता. चालू होता. आणि पूर्ण प्रवासभर बरोबर जागा दाखवत होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत हे स्पष्ट झालं. चौतीस तास बरोबर उत्तर दुसऱ्या डब्यात लिहिलेलं होतं आणि कुणी ते पहिल्याशी ताडून पाहिलं नाही.

मला या गोष्टीतून दोन धडे दिसतात. एक, दुसरं साधन असायला हवं. दोन, ते नुसतं असून भागत नाही, त्याच्याकडे बघायला हवं. जगानं मात्र पुढच्या वीस वर्षांत यातला पहिलाच धडा पुसून टाकला. ब्रिटनमधली डेका २००० मध्ये बंद झाली. जगभर आठ स्टेशनांवर चालणारी 'ओमेगा' त्याआधीच, ३० सप्टेंबर १९९७ ला थांबली होती. अमेरिकेनं ८ फेब्रुवारी २०१० ला आपली लोरान-सी बंद केली. कारण दिलं खर्चाचं : पाच वर्षांत १९ कोटी डॉलर वाचतील. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलास्कातला पोर्ट क्लॅरेन्सचा ४११ मीटर उंच मनोरा स्फोटकांनी पाडला. २०१५ च्या अखेरीस युरोपातली लोरान-सीची प्रक्षेपणंही थांबली.

आणि मग जीपीएसची दुखरी बाजू दिसायला लागली. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर. तिथून आलेला सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा त्याची शक्ती असते एक वॉट भागिले एकावर सोळा शून्यं. इतक्या बारीक कुजबुजीवर कुणीही छोटा जॅमर घेऊन सहज ओरडू शकतो. २०१६ मध्ये उत्तर कोरियाकडून झालेल्या जॅमिंगमुळे दक्षिण कोरियाच्या अनेक मासेमारी नौकांना अर्ध्यातून परतावं लागलं. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसच्या आसपास जहाजांना जीपीएसनं सांगितलं की तुम्ही गेलेंजिकच्या विमानतळावर उभे आहात. जहाज, विमानतळावर ! ही खोटी जागा निदान हास्यास्पद होती म्हणून लक्षात तरी आली. दोनच मैलांची चूक असती तर ?

लोरान-सीचं याउलट. मनोरा जमिनीवर, शक्ती शेकडो किलोवॉटची, तरंगलांबी तीन किलोमीटर. तिला जॅम करायचं तर तुम्हालाही तसाच अगडबंब मनोरा आणि तसाच ट्रान्समीटर लागेल. तो खिशात लपवून नेता येत नाही. तिच्याही अडचणी आहेतच : वीज कोसळण्याचा आवाज तिच्या रिसीव्हरमध्ये येतो, जमिनीवरून जाताना लहर मंदावते, मनोऱ्याची देखभाल खर्चिक. पण या अडचणी जीपीएसच्या अडचणींपेक्षा वेगळ्या आहेत. एकाच दिवशी एकाच कारणानं दोघं आजारी पडण्याची शक्यता फार कमी.

माझा मुद्दा नेमका हा आहे. एक्स्टर्नलच्या आदल्या रात्री आपल्या मजल्यावर काय चालतं ते आठवा. रूम नंबर बाराचं रीडिंग आणि रूम नंबर पंधराचं रीडिंग तंतोतंत जुळतं. म्हणून ते बरोबर का ? छे ! दोघांनी एकाच सीनिअरच्या जर्नलमधून उतरवलेलं असतं. जहाजावर दोन जीपीएस बसवणं म्हणजे हेच. दोन डबे, पण जर्नल एकच. आपला नाविक भारताच्या मालकीचा आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून न राहण्यासाठी तो हवाच. पण जॅमिंगपुरतं बघाल तर त्याचंही दुखणं तेच : दूरचा उपग्रह, क्षीण सिग्नल. मालक बदलला, आजार तोच राहिला.

बाहेरच्या देशांना हे उशिरा का होईना कळलं. ज्या अमेरिकेनं मनोरे पाडले, तिथेच डिसेंबर २०१८ मध्ये कायदा झाला की जीपीएसला जमिनीवरचा पर्याय उभा करा. दक्षिण कोरियानं लोरानची सुधारलेली आवृत्ती, ई-लोरान, हातात घेतली. ब्रिटिश सरकारच्या २०२३ च्या आराखड्यातही ई-लोरानचा प्रस्ताव आला. चीननं तर आपली साखळी बंदच केली नाही. पाडणं एका बटणाचं काम, उभारायला वर्षं लागतात. आपल्या देशाला अकरा हजार किलोमीटरच्या आसपास किनारा आहे, त्यावर बंदरं आहेत, कोळीवाडे आहेत. ध्रांगध्रा-वेरावळसारख्या जागी पुन्हा जमिनीवरची यंत्रणा असावी की नाही, यावर निदान आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी वाद घालायला हवा. माझं मत : असावी. छोटी असली तरी चालेल, पण वेगळी असावी.

हे सरकारचं काम झालं. आपलं काम काय ? सर्व सरांना आणि मॅडमना नम्र विनंती : कम्युनिकेशनच्या लॅबमध्ये एक प्रयोग वाढवा. सेकंड इयरला गणित येतं, थर्ड इयरला सिग्नल प्रोसेसिंग येतं, फायनल इयरला प्रोजेक्टला विषय सापडत नाही (लाइन फॉलोअर रोबो आता पुरे !). गॅदरिंगचे तीन स्पीकर मैदानाच्या तीन कोपऱ्यांत ठेवायचे, ठरलेल्या अंतरानं टिक् वाजवायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, वेळेतला फरक काढायचा आणि दोन हायपरबोला काढून आपली जागा शोधायची. मग तीच जागा मोबाईलच्या जीपीएसवर बघायची, आणि टेपनंही मोजायची. तीन उत्तरं, तीन वेगळे रस्ते. न जुळल्यास जर्नलमध्ये रीडिंग 'ॲडजस्ट' न करता का जुळत नाही ते लिहायचं. मार्क त्यालाच.

रॉयल मॅजेस्टीवर यंत्र कमी नव्हतं, माणसंही कमी नव्हती. दोन आकडे शेजारी ठेवून बघण्याची सवय तेवढी नव्हती. ती सवय नोकरी लागल्यावर कुणी लावत नाही, ती इथेच लागते. मैदान आपलंच आहे, स्पीकर गॅदरिंगनंतर वर्षभर धूळच खातात. ज्यांना हा प्रयोग करायचाय त्यांनी रविवारी नाश्त्याच्या वेळी मेसमध्ये गाठावं. टेप मी आणतो.